जामसरचें रोहित्र

प्राध्यापकाचा धंदा मोठा विलक्षण आहे. वर्षानुवर्षें वर्गांत उभें राहून बोलत गेल्यानें कोणत्याहि विषयावर आपणांस कांहीं तरी सांगतां येईल असा एक समज मनांत घट्ट होऊन बसतो. आणि समोरचीं मुलें तें मुकाट्यानें लिहून घेत असल्यामुळें तो समज खोटा ठरण्याची वेळहि सहसा येत नाहीं. आम्ही स्वतः इंग्रजी वाङ्मय शिकवितों. विजेशीं आमचा संबंध म्हणजे दिवा लावणें, पंखा फिरविणें आणि दरमहा बिल भरणें एवढाच. असें असतांहि गेल्या वर्षीं आम्हीं एका गिरणीवाल्यास विजेच्या बाबतींत सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यापायीं त्याची गिरणी, व कदाचित् एखादें माणूसहि, जळावयाचें तें थोडक्यांत वांचलें. ही हकीकत लिहून काढावी असें बरेच दिवस मनांत होतें.

पालघर जिल्ह्यांत—२०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यांतच मोडत असे—जव्हार तालुक्यांत जामसर म्हणून गांव आहे. जव्हार हें पूर्वींचें संस्थान. मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा पाहावयास हौशी मंडळी अजूनहि येतात, पावसाळ्यांत धबधबे पाहतात आणि परत जातात. डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांकडे त्यांची पावलें क्वचितच वळतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. भात, नाचणी व वरई हीं पिकें. जामसरजवळच्या अशाच एका पाड्यावरचा मुलगा आमच्या महाविद्यालयांत दोन वर्षें होता. इंग्रजीच्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसे आणि आमच्याकडे न पाहतां बंद पडलेल्या पंख्याकडे पाहत असे. पुढें त्यानें पदवीचा नाद सोडला, आय.टी.आय. मध्यें जाऊन वायरमनचा परवाना मिळविला, चार वर्षें भिवंडीकडे नोकरी केली, आणि बँकेचें कर्ज काढून पाड्यावर भात सडण्याची गिरणी घातली. त्याअगोदर तेथील बायकांना भाताचें ओझें डोक्यावर घेऊन दुसऱ्या गांवीं जावें लागे, नाहीं तर घरीं उखळांत कांडीत बसावें लागे. आम्हांस तो मुलगा विसरला नव्हता, याचा आम्हांस जरूरीपेक्षां अधिक अभिमान वाटत असे.

गेल्या मार्गशीर्षांत त्याचा फोन आला. गिरणीच्या दोन मोटारी, एक पंधरा अश्वशक्तीची हलरची व दुसरी पांच अश्वशक्तीची दळणाच्या चक्कीची. दिवसा त्या बऱ्या चालत; परंतु पाड्यापासून डी.पी. दूर, तार बारीक आणि लांब, त्यामुळें सूर्य मावळून घरोघर दिवे लागले कीं ४१५ व्होल्टांचा दाब ३४० वर उतरे. मोटारी नुसत्या घुं घुं करीत, तापत, आणि स्टार्टर त्यांना बंद करून टाकी. बायका दिवसभर शेतावर किंवा मजुरीवर. भात आणावयाचें तें संध्याकाळीं, आणि संध्याकाळींच गिरणी बंद. त्यानें विचारलें, "सर, काय करूं?" खरें म्हणजे तो आमच्याकडे सल्ला मागत नव्हता, मन मोकळें करीत होता. परंतु आमच्यांतला प्राध्यापक जागा झाला. आम्हीं कोठें तरी वाचलें होतें कीं दाब वाढविणारें रोहित्र असतें. "कमी पडतें तर वाढवावें. स्टेप-अप रोहित्र घे. अर्धे पैसे आम्ही देतों," असें आम्हीं सांगितलें, आणि फोन खालीं ठेवल्यावर आपण आज कांहीं तरी भरीव देशकार्य केलें अशा समाधानानें जेवावयास बसलों.

पौषांत रोहित्र आलें. एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेलें, २५ केव्हीए शक्तीचें, ३४० व्होल्ट आंत घेऊन ४१५ बाहेर देणारें. उद्घाटनाचा नारळ आम्हीं फोडावा असा मुलाचा आग्रह पडला, आणि आम्हीं फारसे आढेवेढे घेतले नाहींत. बरोबर आमचे एक स्नेही येण्यास निघाले. ते तंत्रनिकेतनांत विद्युत्-अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले; त्यांना राजवाडा पाहावयाचा होता. ते सोबत आले नसते तर पुढें काय झालें असतें याचा विचार आम्ही शक्य तों करीत नाहीं.

जव्हारहून जीपनें पाड्यावर पोहोंचलों तों दुपारचे चार वाजले होते. गिरणीच्या पत्र्याच्या छपराखालीं रोहित्र हार घालून ठेवलें होतें. दाराबाहेर वीस-पंचवीस बायका भाताचीं पोतीं घेऊन बसल्या होत्या. आमच्या स्नेह्यांनीं हाराकडे पाहिलें नाहीं. मीटरपासून रोहित्रापर्यंत पत्र्याला चिकटून आलेली काळी केबल होती, ती त्यांनीं बोटांत धरली, शेवटाकडचें आवरण पाहिलें, आणि विचारलें, "ही दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची. जुनीच ना?" मुलानें होय म्हटलें. मग त्यांनीं चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला. त्यांत वितळतारेच्या जागीं केबलींतलीं तांब्याचीं तीन सुतें एकत्र पिळून बांधलीं होतीं. "सारखा उडत होता," मुलगा म्हणाला. स्नेह्यांनीं तो फ्यूज खिशांत घातला आणि शांतपणें सांगितलें, "आज कांहीं सुरू होणार नाहीं."

आतां येथें वाचकांस थोडा हिशेब सांगणें भाग आहे. तो आम्हीं त्या रात्रीं जव्हारच्या विश्रामगृहांत एका वहीच्या पाठपानावर शिकलों, आणि इतक्या उशिरां शिकल्याची लाजहि वाटली.

आमची समजूत अशी होती कीं रोहित्र दाब वाढवितें म्हणजे वीज वाढवितें. ती मुळांतच खोटी. रोहित्राच्या पोटांत लोखंडाच्या पत्र्यांभोंवतीं तांब्याचीं दोन वेटोळीं असतात. एकांतला प्रवाह लोखंडांत चुंबकत्व जागवितो आणि तें बदलतें चुंबकत्व दुसऱ्यांत दाब उत्पन्न करतें. दुसऱ्याचे वेढे जितके अधिक तितका दाब अधिक, परंतु शक्ति तेवढीच. किंबहुना गरम होण्यांत थोडी गळते. म्हणून एका बाजूचा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराएवढाच राहतो. २५ केव्हीएला ४१५ व्होल्टांनीं आणि तीन फेजांचा म्हणून १.७३२ नें भागलें कीं बाहेरच्या बाजूचा पूर्ण प्रवाह सुमारें ३५ अँपिअर येतो. आंतल्या बाजूला ३४० नें भागलें कीं तोच साडेबेचाळीस होतो. म्हणजे दाब चढविणाऱ्या रोहित्राला आंत येणारी तार बाहेर जाणाऱ्या तारेपेक्षां जाड हवी. मुलानें नवी जाड तार मोटारीकडे घातली होती आणि जुनी बारीक तार मीटरकडे ठेवली होती. "जिकडे व्होल्ट जास्त तिकडे तार जाड" हा त्याचा अंदाज. आम्हांला विचारलें असतें तर आम्हींहि तेंच सांगितलें असतें, आणि अधिक ठामपणें.

केबलीवर जो आंकडा सोसण्याजोगा म्हणून दिलेला असतो तोहि निरपेक्ष नव्हे. दहा चौरस मिलिमीटरची ती केबल उघड्या हवेंत सुमारें ४० अँपिअर सोसते, परंतु ती हवा ४० अंशांची धरलेली. पत्र्याला चिकटून गेलेल्या केबलीभोंवतीं वैशाखांत ५० अंश सहज होतात. आवरणाचें प्लॅस्टिक ७० अंशांपर्यंतच टिकणारें. तेव्हां तापण्यास राहिलेली जागा तीस अंशांऐवजीं वीसच. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते या नियमानें (जूल यानें तो १८४१ त मांडला) हिशेब केला कीं ४० अँपिअरची केबल ३३ वर येते. आणि तिच्यांतून जावयाचे होते, दोन्ही मोटारी चालूं असतां ३४, रोहित्र पूर्ण भरलें तर साडेबेचाळीस.

अशा वेळीं राखणदार कोण, तर फ्यूज. केबल जळण्यापूर्वीं आपण जळून जावें एवढ्याचसाठीं त्याचा जन्म. विल्यम प्रीस या तारखात्यांतल्या अभियंत्यानें १८८० च्या दशकांत तारा वितळवून पाहून नियम काढला कीं तारेची जाडी दुप्पट केली तर ती वितळावयास लागणारा प्रवाह जवळजवळ पावणेतीनपट होतो. तीन सुतांचा पीळ घातला म्हणजे राखणदाराला अफूच देऊन ठेवली म्हणावयाची; मग केबल आधीं जळणार आणि फ्यूज शाबूत राहणार.

हें ऐकतांना आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट आठवली, आणि त्या मुलास रागावण्याचा आमचा अधिकार गेला. १९८४ सालच्या गणपतींत आम्ही चौदा वर्षांचे होतों. पुण्यास वाड्यांत राहत असूं. मखराला दिव्यांच्या माळा लावल्या होत्या आणि फ्यूज रोज उडे. वडील कामावर गेले असतां आम्हीं सायकलच्या ब्रेकच्या केबलीचें एक सूत काढून फ्यूजांत बांधलें आणि आरतीला दिवे गेले नाहींत म्हणून शेजाऱ्यांची शाबासकी घेतली. पांचव्या रात्रीं माजघराच्या भिंतीवरची लांकडी पट्टी आंतल्या तारेसकट पेटली. खालीं आजीचें अंथरूण होतें. ती लघवीला उठली होती, एवढेंच. तिची नऊवारी लुगड्यांची ट्रंक जळली. ती पुढें अकरा वर्षें जगली, आणि ती तार कोणीं बांधली हें तिला ठाऊक होतें कीं नव्हतें याचा उलगडा तिनें आम्हांस होऊं दिला नाहीं.

असो. गिरणीच्या दाराशीं मात्र त्या दुपारीं शोभा झाली ती झालीच. मुलगा हट्टास पेटला. "सर, आजचा दिवस चालूं द्या. बायका चालत आल्यात." त्याचा आवाज चढला होता आणि तो स्नेह्यांकडे नव्हे, आमच्याकडे पाहत होता. खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत आलें कीं एक तास चालल्यानें काय होणार आहे. नारळ हातांत होता, आणि भाषणाचीं चार वाक्यें तयार होतीं. आम्हीं स्नेह्यांकडे पाहिलें. ते म्हणाले, "तुम्ही सांगत असाल तर फ्यूज देतों. लिहून मात्र तुम्हीं द्या." आम्हीं लिहून दिलें नाहीं. बायकांनीं पोतीं उचललीं. एक म्हातारी जातां जातां आम्हांस म्हणाली, "मास्तर, नारळ तरी फोडा, पोरांना खोबरें होईल." तेवढें काम आम्हीं केलें.

रात्रीं वहीवर जें ठरलें तें असें. मीटरपासून रोहित्रापर्यंत २५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची केबल. ती हवेंत ७० अँपिअर सोसते, पत्र्याखालीं ५७. तिच्या तोंडाशीं फ्यूजऐवजीं आपोआप तुटणारा ब्रेकर. बाजारांत ५० चा मिळतो आणि ६३ चा मिळतो. मुलाचा कल ६३ कडे, "मोठा असला म्हणजे उडणार नाहीं." परंतु ६३ चा ब्रेकर ५७ च्या केबलीवर ठेवणें म्हणजे पुन्हां तीन सुतांचीच गोष्ट, फक्त दुकानांतून विकत आणलेली. ५० चा पुरतो: पूर्ण प्रवाहाच्या वर, केबलीच्या सोशिकतेच्या खालीं. अमेरिकेंतल्या वीजजोडणीच्या संहितेंतहि केवळ आंतल्या बाजूनेंच राखण असेल तर साधारणतः पूर्ण प्रवाहाच्या सव्वापटीचीच मर्यादा आहे. बाहेरच्या बाजूलाहि तसा राखणदार बसविला तर आंतल्या बाजूस अडीचपटीपर्यंत सूट मिळते. आमचे स्नेही ती सूट घेण्यास तयार नव्हते. केबलीला ती सूट ठाऊक नसते असें त्यांचें म्हणणें. बाहेरच्या बाजूला १६ चौरस मिलिमीटरची केबल, पत्र्याखालीं ४२ अँपिअरची, आणि तिला ४० चा ब्रेकर.

ब्रेकरची जातहि पाहावी लागते. रोहित्राला वीज जोडतांच पहिल्या क्षणीं तें पूर्ण प्रवाहाच्या आठ-दहापट प्रवाह घोटून घेतें, आणि मग निवळतें. येथें तो घोट सवाचारशें अँपिअरपर्यंत जावयाचा. सी जातीचा ५० चा ब्रेकर अडीचशें ते पांचशेंच्या दरम्यान झटक्यानें तुटतो, म्हणजे गिरणी सुरू करतांना वरचेवर उडावयाचा, आणि वरचेवर उडणाऱ्या ब्रेकरला मनुष्य शेवटीं कांहीं तरी उपाय करतोच. डी जातीचा पांचशेंच्या वर जातो. तो घ्यावा. मोटारींना स्टार-डेल्टा स्टार्टर, तोहि एकामागून एक चालू करावयाचा.

राहिलें भूमीशीं नातें. रोहित्राचीं दोन वेटोळीं एकमेकांस चिकटलेलीं नसतात. त्यामुळें बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल वेगळा जमिनींत पुरावा लागतो. मुलानें तो मोकळाच सोडला होता. तसा सोडला असतां मोटारीच्या अंगांत वीज उतरली तरी ती परत येण्यास नीट वाट नसते, प्रवाह वाढत नाहीं, ब्रेकर स्वस्थ बसतो. आणि उद्यां कोणी ओल्या हातानें हलरच्या तोंडाशीं कोंडा काढावयास गेली म्हणजे काय होईल तें सांगतां येत नाहीं. अर्थिंगचा खड्डा घ्यावयाचा तर पाड्यावर हातभर मातीखालीं काळा कातळ. शेवटीं उताराखालीं, पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या जागीं पत्रा पुरून कोळसा-मीठ भरण्याचें ठरलें, आणि फाल्गुनापासून रोज एक कळशी पाणी तेथें ओतावयाचें. आमच्या स्नेह्यांनीं हें शेवटचें कलम वहींत दोनदां अधोरेखित केलें.

झोंपण्यापूर्वीं त्यांनीं खोपोलीची गोष्ट काढली. टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें १९१५ सालीं लोणावळ्याच्या तलावांचें पाणी घाटाखालीं सोडून खोपोलीस वीज केली, आणि ती चाळीस मैलांहून अधिक दूर परळपर्यंत एक लक्ष व्होल्टांनीं नेली. तेथें दाब चढविण्याचा हेतु आमच्या हेतूच्या उलट. दाब दसपट केला कीं तीच शक्ति एकदशांश प्रवाहानें जाते आणि वाटेंत वायां जाणारी उष्णता शंभरावा हिस्सा होते, म्हणून बोटाएवढ्या तारांवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्यांनीं दाब चढविला तो तारेच्या उगमाशीं. "तुम्ही चढविणार शेवटाशीं," ते म्हणाले, "मधल्या बारीक तारेला त्याचा उपयोग शून्य. उलट तुमचें रोहित्र दाब कमी झाला कीं अधिक प्रवाह ओढून घेणार." आम्हांस झोंप लवकर लागली नाहीं. टाटांच्या पुढच्या एका धरणासाठीं मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ त सेनापति बापटांच्या पुढारीपणानें सत्याग्रह झाला, आणि तरी १९२७ त भिऱ्याची वीज सुरू झालीच. विजेचा हिशेब कोठें तरी कोणाच्या नांवें मांडलेला असतोच, असें कांहींसें आम्ही अंधारांत पुटपुटलों. स्नेही घोरत होते.

केबल, ब्रेकर, दाब अधिक झाल्यास मोटारी तोडणारा रिले (मध्यरात्रीं पाडा निजला कीं दाब पुन्हां ४१५ वर चढतो, आणि मग हें रोहित्र बाहेर पांचशेंच्या वर देतें) यांचे पैसे आम्हीं दिले. तें उपकार म्हणून नव्हे, दंड म्हणून. माघांत आम्ही पुन्हां गेलों. या खेपेस हार नव्हता. संध्याकाळीं सात वाजतां मुलानें एकामागून एक दोन्ही मोटारी चालू केल्या. हलर गरजला, पांढरा तांदूळ पडूं लागला, बायका हंसल्या. मुलानें केबलीवर हात ठेवून पाहिला, कोमट होती. आम्हीं त्याची पाठ थोपटली.

स्नेही तेवढ्यांत कोठें तरी नाहींसे झाले होते. ते शेजारच्या घरांत उभे असलेले सांपडले, हातांत मीटर घेऊन. गिरणी सुरू होण्यापूर्वीं त्या घरांत १९६ व्होल्ट होते, आतां १८२. चुलीजवळच्या पिवळ्या दिव्याखालीं एक मुलगी पुस्तक तोंडाशीं धरून वाचत होती. तिनें दिव्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे, आणि पुस्तक आणखी जवळ घेतलें. तें घर त्या नारळवाल्या म्हातारीचें. "गिरणी चालली म्हणजे दिवा निजतो," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे; पाऊस आला म्हणजे छप्पर गळतें असें सांगावें तशी.

मुलगा दारांत येऊन उभा राहिला होता. त्याची केबल आतां बरोबर होती, ब्रेकर बरोबर होता, अर्थिंग बरोबर होतें, हिशेबांत कोठेंहि चूक नव्हती. तो बराच वेळ त्या मीटरकडे पाहत राहिला आणि मग परत जाऊन त्यानें हलर बंद केला.

पुष्कळ बोलणें झालें. भार वाढवून मिळावा आणि पाड्याजवळ नवी डी.पी. बसावी यासाठीं अर्ज त्यानें दुसऱ्याच दिवशीं दिला. तोंपर्यंत बायकांनीं आपसांत ठरविलें तें असें: भात रात्रीं आणून ठेवावयाचें, गिरणी पहांटे चारला लागेल, आणि कामावर जातांना तांदूळ घेऊन जावयाचें. संध्याकाळीं सहा ते दहा गिरणी बंद. अडल्यानडल्यास लागलीच तर हलर एकटा, चक्की नाहीं, तीहि शेजारच्या घरीं विचारून. पहांटे दाब ३९० च्या आसपास असतो आणि तेव्हां रोहित्राची जरूरीच पडत नाहीं. तें बहुतेक वेळ बाजूला काढलेलें असतें. आमचे अर्धे पैसे पत्र्याखालीं स्वस्थ बसून आहेत.

मुलगा रोज संध्याकाळीं फोनवर एक आंकडा लिहून पाठवितो. आम्हीं सांगितलें नव्हतें, स्नेह्यांनींहि नाहीं. काल ३४६ होता. आजचा आतांच आला: "३३८. बंद ठेवली. उतारावरच्या खड्ड्यांत पाणी घातलें."